वरच्या शेजाऱ्यांची वाटी

गच्चीवर संपणारा पद्मावती अपार्टमेंटचा जिना एका सकाळी पुढे वाढला आणि आभाळात गेला. पायऱ्या त्याच राखाडी मोझॅकच्या होत्या, कठडाही तसाच रंग उडालेला, आणि वर ढगाजवळच्या वळणावरसुद्धा कोपऱ्यात पानाची पिंक होती.

मिरजेची माणसं दवाखान्यांच्या सावलीत वाढलेली. कुणाचं ना कुणाचं पोट उघडून पुन्हा शिवल्याच्या गोष्टी रोज जेवताना ऐकायच्या, त्यामुळे जिन्यानं कोणी फारसं हबकलं नाही. दुपारपर्यंत त्याच्या खालच्या पायऱ्यांवर सांडगे वाळत पडले होते. काही उत्साही मंडळी वर चढून बघायला निघालीच. पण कितीही चढलं तरी शेवटच्या वळणानंतर माणूस परत आपल्याच गच्चीवर येऊन उभं राही, आणि तेही खालून वर आल्यासारखं धापा टाकत. मग त्यांनी नाद सोडला.

हेमलताबाई कुरुंदवाडे यांनी मात्र सोडला नाही. तिसऱ्या मजल्यावरचं, बरोबर जिन्याखालचं घर त्यांचं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशांवर वाकून काढली होती. बशीत जंतूंना खाणं घालायचं, झाकण ठेवायचं आणि काही जिवंत आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावर त्या तेच आभाळाला विचारायच्या. वर्तमानपत्रात मंगळावरच्या मातीची बातमी आली की आमटी करपायची. पृथ्वी सोडून आणखी कुठे कोणी आहे का, हे मरायच्या आत कळावं, एवढी एकच हाव त्या बाईला होती. दागिन्यांची असती तर नवऱ्याला सोपं गेलं असतं.

नवरा म्हणजे शांतीनाथ कुरुंदवाडे, निवृत्त चित्रकला शिक्षक. इमारतीत सगळे त्यांना सर म्हणत. सरांचा जीव घरात होता. बाल्कनीतल्या खुर्चीत बसून समोरच्या चिंचेचं चित्र काढायचं आणि ते बिघडलं की चिंचेला नावं ठेवायची, असा त्यांचा दिवस जाई.

हेमलताबाईंनी विचार केला. आपण वर जाऊ शकत नाही, हे सिद्ध झालं. पण नवीन शेजारी आले का, हे बघायला त्यांच्या घरात कशाला जायला हवं? वाटी पाठवावी. कोणी असेल तर वाटी परत येईल, आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी कोणी परत करत नाही. त्यांनी एका वाटीत साखर घातली, ती शेवटच्या वळणावरच्या पायरीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिल्या. काही झालं नाही. बघत बसल्यावर काही होत नसतं, जंतूसुद्धा झाकणाखालीच वाढतात, हे त्यांना आठवलं आणि त्या खाली आल्या.

सकाळी वाटी त्यांच्या उंबऱ्यावर होती. रिकामी, पण घासलेली आणि पुसून कोरडी केलेली. बुडाला त्यांचंच नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, तेव्हा वाटी दुसऱ्या कोणाची असण्याचा प्रश्न नव्हता. त्याच सकाळी त्यांची बाल्कनी गेली. खिडकीतून चिंच दिसत होती, खुर्ची दिवाणखान्यात सरकून आली होती, आणि मधलं जे काही होतं त्या जागी भिंत होती. वर बघितलं तर जिना एका वळणानं वाढलेला.

हिशेब सरळ होता. एक वाटी पाठवली की जिना वर जाई आणि तेवढं घर आत येई. पाठवली नाही तर दोन्ही जागच्या जागी राहत. सरांनी खुर्ची खिडकीशी नेली आणि बाल्कनीवाचूनही चिंच नीट दिसते, असं ते म्हणाले. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

हेमलताबाईंनी मीठ पाठवलं. मग दही, नाचणीची आंबील, डाळीचं पाणी, खोबरेल तेल. त्यांच्या लेखी हे सगळं पद्धतशीर चाललं होतं. बशीत काही उगवलं नाही म्हणजे जंतू नाही असं होत नाही, आपलं खाणं त्याला मानवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. मग खाणं बदलून बघायचं. रोज वाटी रिकामी परत येई, लख्ख घासलेली. दिवाणखाना आधी बोळाएवढा झाला, मग त्यातून आडवं चालावं लागू लागलं. पाहुणे आले की एकामागे एक उभे राहून चहा पीत. कपाट दारातून निघेना तेव्हा ते पहिल्या मजल्यावर गेलं, म्हणजे कोणी नेलं नाही, आपसूक एका सकाळी तिथल्यांच्या न्हाणीत उभं होतं. बाईंच्या साड्या आता त्या लोकांच्या परवानगीनं आणाव्या लागत.

एके दुपारी सरांचं जेवणाचं ताट भिंतीला टेकलं आणि घास तोंडाकडे नेताना त्यांचं कोपर खरचटलं. त्यांनी हात धुतला आणि बायकोला विचारलं, ‘‘खरं सांग, तुला वर कोण हवंय?’’

‘‘कोण हवंय असं नाही. कोणी आहे का, एवढंच.’’

‘‘आणि नसलं तर?’’

‘‘तर नाही, हे तरी नीट कळेल. आत्ता आपल्याला ‘नाही’सुद्धा माहीत नाही.’’

सरांना राग आला होता आणि राग आल्याचं वाईटही वाटत होतं. उरलेलं ताट त्यांनी उभ्यानं संपवलं.

सोसायटीची सभा गच्चीवर भरली. चेअरमन बाळगोंडा चौगुले हे मनानं चांगले गृहस्थ, शेजाऱ्याच्या घराला धक्का लागलेला त्यांना खपत नसे. त्यात आता दुसऱ्या मजल्यावरचं त्यांचं शोकेस तिरपं व्हायला लागलं होतं. त्यांचं म्हणणं असं की जिन्याच्या तोंडावर स्लॅब टाकून ही भानगड बंद करावी. गवंडी रविवारी मोकळा होता. हेमलताबाईंनी घासलेली वाटी सगळ्यांना फिरवून दाखवली. वारा वाटी घासत नाही, वानर पुसून कोरडी करत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. लोकांनी वाटी हातात घेतली, वास घेतला, पुढे दिली.

चौगुल्यांनी ती सगळ्यात शेवटी घेतली. ‘‘वैनी, आमच्या आईनं जन्मात कधी शेजारणीची वाटी मोकळी धाडली न्हाई. घरात काय नसलं तर चिमटभर साखर तरी घातलीच. वर कोण असतं, तर त्यास्नी एवढी रीत नसती व्हय? मोकळी वाटी आली, म्हंजे वर कोण न्हाई बघा.’’

हे सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर हेमलताबाईंनाही पटलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. घर सरांच्या नावावर असल्यानं स्लॅबला त्यांची संमती हवी होती. सरांनी बायकोकडे न बघता हात वर केला. हेमलताबाई सगळ्यांच्या आधी खाली उतरल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचा असा राग आला नव्हता, आणि घरात रुसून बसायला वेगळी खोलीही उरली नव्हती. एकाच सतरंजीवर दोघं पाठीला पाठ लावून बसले.

शनिवारी सकाळी आलेली वाटी घेऊन त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. शेवटची संधी होती. काय पाठवायचं राहिलं होतं? हिंग? राख? विचार चालू असतानाच त्यांचा हात सवयीनं साखरेच्या डब्याकडे गेला, आणि त्या हाताकडे बघत त्या थांबल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी कोऱ्या बशीवाचून कधी काही ठरवलं नव्हतं. दहा बशांत खाणं घातलं तरी एक बशी काही न घालता शेजारी ठेवायचीच, नाहीतर बाकीच्या काय सांगताहेत ते कळत नाही. नवीन मुली ती विसरायच्या आणि बाईंचं ऐकून घ्यायच्या. आणि इथे इतक्या वाट्या वर गेल्या, त्यांत एकही कोरी नव्हती. सुचलीच नव्हती. शेजाऱ्याकडे रिकामी वाटी कोण पाठवतं?

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. वाटी घासली, पुसली आणि रिकामीच वर नेऊन ठेवली. ठेवताना त्यांना कोणाच्या तरी दारात हात हलवत गेल्यासारखी लाज वाटली. पायरीशी त्या पुटपुटल्या की रागावू नका, आमच्यात असं करत नाहीत. मग मागे न बघता खाली आल्या.

रविवारी उंबऱ्यावर वाटी नव्हती.

असं पहिल्यांदाच झालं होतं. हेमलताबाई उंबऱ्याकडे बघत राहिल्या. घर रात्रीतून आणखी आत आलं होतं. एकीकडे ओटा, दुसरीकडे भिंत, आणि मध्ये सर पाय पोटाशी घेऊन बसलेले. खाली अंगणात फावड्यानं सिमेंट कालवल्याचा आवाज येत होता. सर हळूच म्हणाले की जाऊ दे, नवीन वाट्या घेऊ. त्यांना बायकोची कीव आली होती आणि ती कीव खरी होती. हेमलताबाईंनी दार पूर्ण उघडलं.

जिन्यावर भांडी होती. गच्चीकडे जाणाऱ्या पहिल्या पायरीवर एक, तिच्यावरच्या पायरीवर एक, आणि अशी प्रत्येक पायरीवर एक, वळणावळणानं थेट वर. काही बसकी, काही उभट, काहींना कान होते आणि ते भलत्याच ठिकाणी होते. एक तर बहुधा उलटं ठेवलेलं होतं, पण तेच त्याचं सुलट असेल, सांगता येत नव्हतं. मिरजेच्या भांडी बाजारातलं त्यांतलं एकही नव्हतं. सगळी रिकामी होती. सगळी घासून, पुसून कोरडी केलेली होती.

हेमलताबाई उंबऱ्यावरच बसल्या आणि रडल्या. डोळे पुसायला पदर लावला तो तसाच तोंडाशी धरून त्या हसल्याही. सर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कठड्यावरून मान वाकडी करून वर बघितलं. जिना सुताएवढा बारीक होत जाई, तिथपर्यंत भांडी होती, आणि त्यापुढे नजर पोचत नव्हती.

‘‘एवढी सगळी रिकामी,’’ सर म्हणाले. ‘‘ही भरून द्यायची असतील, का घासून?’’

बाईंना ते माहीत नव्हतं. मागे आपली वाटी रोज घासून आली, तोच नमस्कार होता, की आपण पाठवलेलं त्यांच्या कामाचं नव्हतं, हेही माहीत नव्हतं. भरणं आणि घासणं यांतलं एक बरोबर असेल तर दुसऱ्यानं वरची अख्खी आळी दुखावणार होती. दोन्ही करून बघावं लागणार होतं. आणि एका वाटीला किती घर जातं, ते त्यांना पाठ होतं. एवढ्या भांड्यांना पुरेल एवढं घर राहिलंच नव्हतं.

खालून चौगुले गवंड्याला घेऊन वर येत होते. दुसऱ्या मजल्यावर जिना अरुंद होऊन त्यांच्या अंगाला लागला, आणि सिमेंटची घमेली डोक्यावर धरून दोघं तिथेच अडकले. वैनी, माल घट्ट व्हायला लागलाय, टाकायचा का नको ते सांगा, असं ते तिथूनच विचारत होते.

हेमलताबाईंनी सरांकडे बघितलं. सभेत हात वर केलेला माणूस तो. त्याच्या घराचं त्याला न विचारता त्यांना आता काही करायचं नव्हतं.

सरांनी विचारलं, ‘‘काय काय उरलंय?’’

‘‘ओटा आहे. तुमची खिडकी आहे.’’

सरांनी खिडकीकडे एकदा बघून घेतलं. चिंचेला नवी पालवी फुटली होती.

‘‘मग ओट्यापासून सुरू कर,’’ ते म्हणाले. ‘‘खिडकी शेवटी.’’

त्यांनी सतरंजी गुंडाळून दाराबाहेर टाकली, म्हणजे बायकोला पाय ठेवायला जागा झाली, आणि चौगुल्यांना सांगितलं की माल खाली न्या, आमची संमती नाही. चौगुले काहीतरी म्हणाले, पण तोवर त्यांचा मजला थोडा लांब गेला होता आणि शब्द पोचले नाहीत.

हेमलताबाईंनी पदर खोचला. पहिल्या पायरीवरचं भांडं दोन्ही हातांनी उचललं. ते कोमट होतं, आत्ताच कोणाच्या तरी हातातून सुटल्यासारखं. त्या ते घेऊन आत वळल्या, आणि वर, नजर पोचत नव्हती तिथे, आणखी एक भांडं पायरीवर टेकल्याचा आवाज झाला.