एक चौकोन उजवीकडे

वाशिमच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मंजुषा मॅडम बारा वर्षांपूर्वी लागल्या, तेव्हा इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर होते, पण त्यात घालायला सॉफ्टवेअर नव्हतं. विकतच्याची किंमत ऐकून संस्थेने हात वर केले. पुढच्याच आठवड्यात तर तपासणी समिती यायची होती. मग मॅडमनी दुसऱ्या कॉलेजातून एका आलेखाची झेरॉक्स मिळवली, काचेखाली बल्ब लावला आणि मोटर सुरू केल्यावर तिचा वेग कसा वाढतो हे दाखवणारी रेघ वरच्या कागदावर गिरवून काढली. पोरं याला जीटी मारणं म्हणतात. तो आलेख लॅबच्या प्रयोगांच्या मॅन्युअलमध्ये गेला, मुखपृष्ठावर मॅडमचं नाव छापून आलं आणि समिती चहा पिऊन गेली.

पुढे बारा वर्षं प्रत्येक बॅचने त्या आलेखावरून जीटी मारली. मॅडमनी शेकडो जर्नलांवर सह्या केल्या, पण आलेख निरखून एकदाही पाहिला नाही. आपलंच अक्षर कोण तपासत बसतं!

बाराव्या वर्षी मात्र त्यांनी मनावर घेतलं. सायलॅब नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आपल्या प्रयोगांपुरतं गणित चोख करतं, हे कळल्यावर दिवाळीच्या सुट्टीत एकटीने बसून वीस कॉम्प्युटरवर ते टाकलं. आता आपली पोरं काहीतरी खरं करतील याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. पोरांनीही ते चालवून पाहिलं, कौतुक केलं आणि जर्नल लिहायची वेळ आल्यावर नेहमीसारखी काच मागितली. एकटी सुकेशनी तेवढी आपला प्रिंटआउट घेऊन आली.

सुकेशनी शेवटच्या वर्षाला होती, आसेगावहून रोज एसटीने यायची. पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. एकही विषय मागे राहता कामा नये, एवढीच कंपनीची अट होती.

"मॅडम, माह्या आलेखात मोटर शून्यापासूनच हलते," ती म्हणाली. "मॅन्युअलमंधी एक सेकंद तशीच थांबते. बटन दाबल्यावर सेकंदभर ते काय करून राह्यली?"

मॅडमनी मॅन्युअल उघडून तिचा प्रिंटआउट शेजारी ठेवला. रेघेचा आकार बरोबर होता, पण सगळी रेघ एक चौकोन, म्हणजे एक सेकंद, उजवीकडे सरकली होती. त्या दिवशी काचेवर कागद हलला असणार.

"तुझा बरोबर आहे. तोच लाव," त्या म्हणाल्या.

"मंग मॅन्युअल?"

"ते बघू नंतर."

बघायचं काय होतं त्यात? दुरुस्तीची एक ओळ नोटीस बोर्डावर लावली असती तरी भागलं असतं. पण मॅडम अजून कंत्राटावरच होत्या, कायम होण्याची फाईल नुकतीच वर गेली होती आणि त्या फाईलला हेच मॅन्युअल त्यांचं काम म्हणून जोडलेलं होतं. आज लावू, उद्या लावू करता करता परीक्षा उजाडली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकोणतीस जर्नलं भराभर उलटली. तिसाव्याला थांबले.

"हा आलेख कुठून उतरवला?"

"उतरवला नाही सर. सायलॅबवर मीच काढला."

"बाकी सगळ्यांचे मॅन्युअलशी जुळतात. तुझाच तेवढा वेगळा?" ते हसले. "फुकटचं सॉफ्टवेअर, फुकटचं उत्तर."

"सर, मोटर इथंच हाय. चालू करून पाहू काय?"

मोटर खरंच चार पावलांवर होती. परीक्षकांना चारची गाडी गाठायची होती. ते मॅडमकडे वळले. "मॅन्युअल तुमचंच ना? मग कोणाचं बरोबर, तुम्हीच सांगा."

सुकेशनीचा जीव भांड्यात पडला. उत्तर मॅडमनीच तर तिला सांगितलं होतं.

"मॅन्युअल तपासलेलं आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

सुकेशनीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ती चिडली असती तर मॅडमना सोपं गेलं असतं. पण तिला सगळं समजलं होतं, आणि ते बघणं मॅडमच्या जिव्हारी लागलं. परीक्षकांनी "काम स्वतःचे नाही" असा शेरा मारून तिला नापास केलं. पुण्याची नोकरी गेली. जूनमध्ये मॅडम कायम झाल्या. संस्थेने शाल दिली, ती त्यांनी अजून उघडलेली नाही.

हिवाळ्यात फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी सुकेशनी भर दुपारी लॅबमध्ये आली. मॅडम एकट्याच होत्या.

"मॅडम, काच कुठं हाय?"

"सुकेशनी, तुझाच आलेख लाव. या वेळी मी सांगते परीक्षकांना."

"राहू द्या मॅडम. मांगच्या खेपीलेबी तुमी हेच म्हटलं होतं."

ती हे अगदी साधेपणाने बोलली. मॅडमना वाटलं, मॅन्युअल हिसकावून घ्यावं आणि ते पान फाडून टाकावं. पण त्या उठल्या आणि कपाटातून काच काढून दिली. सुकेशनीने खाली बल्ब लावला, मॅन्युअलचं पान पसरलं, वर कोरा कागद ठेवला आणि पेन्सिलीला टोक केलं. ती गिरवू लागली तसा कागद गुळगुळीत काचेवर सरकू लागला.

मॅडम पुढे झाल्या आणि तो हलू नये म्हणून त्याचे दोन्ही कोपरे त्यांनी बोटांनी घट्ट दाबून धरले.