कुलूप कुठे लावायचं

"निदान परिच्छेद तरी संपू द्या," काकू म्हणाल्या.

"परिच्छेद संपला की माणूस फोन खाली ठेवतो, काकू," बॉस म्हणाला. "चहा टाकायला उठतो, आणि गेला तो गेलाच. वाक्य अर्धं राहिलं पाहिजे. तिथेच कुलूप, पुढचं हवं तर पैसे."

ऑफिसात सगळेच त्यांना काकू म्हणत, कारण बाकीची मंडळी त्यांच्या मुलांच्या वयाची होती. आधी त्या एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची पानं लावायच्या. छापखाना बंद पडल्यावर हट्टाने हे नवं काम शिकल्या. जाडजूड पुस्तकांचे सारांश फोनवर वाचायला देणारं ॲप होतं. त्यातली वाचनाची स्क्रीन काकूंची. अक्षर केवढं हवं, दोन ओळींत किती मोकळी जागा सोडायची, कुठे वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा, यावर त्यांनी महिनोन्‌महिने डोकं लावलं होतं. लोक त्या स्क्रीनवर रमत. फक्त पैसे कोणी भरत नव्हतं.

"तुमची स्क्रीन इतकी छान आहे, काकू, की लोक फुकटात वाचून तृप्त होतात," बॉस म्हणाला होता. यावर सगळे हसले. काकूंना हसू आलं नाही.

त्यांनी वाद घातला. कुलूप सुरुवातीलाच लावा, म्हणजे माणसाला आधीच कळेल. नाहीतर दोन सारांश पूर्ण द्या, तिसऱ्याला पैसे मागा. वेगवेगळी चित्रं काढून दाखवली. बॉस प्रत्येक वेळी मान हलवायचा, "मस्त आहे" म्हणायचा आणि परत अर्ध्या वाक्यावर यायचा. घरी येऊन त्या नवऱ्यावर चिडल्या. तो बिचारा म्हणाला, "अगं, पुस्तक तुझं नाही, ॲप तुझं नाही. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" त्या आणखीच चिडल्या.

शेवटी बॉसने चाचणी ठेवली. बाहेरच्या चार माणसांना बोलवायचं, नवं कुलूप लावलेला नमुना हातात द्यायचा आणि काय करतात ते शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर बघायचं.

तिसरी आली ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काम करणारी बाई होती. कामावरून थेट आली होती. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. चाचणी घेणाऱ्या मुलीने तिला यादीतला कुठलाही सारांश निवडायला सांगितला. तिने वयात आलेल्या, अबोल झालेल्या मुलांबद्दलच्या एका पुस्तकाचा निवडला. वाचताना ओठ हलत होते. मध्येच थांबून एक ओळ परत वाचली.

मग कुलूप आलं. "मूल खोलीचं दार लावून घेतं, तेव्हा आईने सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे" एवढं लिहून खाली नारिंगी बटण.

बाईने वर पाहिलं. "पुढे?"

"पुढचं वाचायचं तर सदस्य व्हावं लागेल. तुम्ही काय कराल?"

बाईने पर्स उघडून कार्ड काढलं.

पडद्यासमोर बॉसने मूठ वळली. "बघा, काकू. एक सेकंदसुद्धा विचार केला नाही."

"अहो, नको," तिकडे मुलगी गडबडून म्हणाली. "हा नुसता नमुना आहे. बटण दाबलं तरी उघडणार नाही."

"म्हणजे पुढचं लिहिलेलंच नाहीये?"

"ह्याच्यात नाही."

बाईने कार्ड हळूच परत ठेवलं. "माझी मुलगी परीक्षेत नापास झाल्यापासून खोलीतच आहे," ती म्हणाली. "ताट बाहेर ठेवते मी. बरं, ते जाऊ दे. पुढे काय विचारायचंय तुम्हाला?"

काकू कधी उठल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या सरळ चाचणीच्या खोलीत गेल्या. तो सारांश त्यांनीच पानावर लावला होता.

"दार वाजवायचं नाही," काकू बाईसमोर बसून म्हणाल्या. "का, कसं, काहीही विचारायचं नाही. रोज थोडा वेळ दाराबाहेर बसायचं, आपलं काहीतरी काम घेऊन. कपड्यांच्या घड्या घाला, काहीही करा. आपण तिथे आहोत, हे आत ऐकू गेलं पाहिजे. पुढे बरंच लिहिलंय, पण मुख्य एवढंच."

"मी तर दार बडवते रोज," बाई म्हणाली.

चाचणी घेणाऱ्या मुलीने कॅमेरा बंद केला.

बॉस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "काकू, तुमचं मन फार चांगलं आहे," तो म्हणाला. "पण आजची चाचणी वाया गेली. आणि कुलूप तिथेच राहणार, ते तुम्हीही बघितलंत."

खरंच बघितलं होतं. कुलूप लागलं आणि पैसे यायला लागले. ऑफिसात टाळ्या वाजल्या तेव्हा काकूंनीही वाजवल्या. नोकरी सोडण्याचं त्यांच्या मनात आलं. पण या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार, असं म्हणून त्या कामावर येत राहिल्या. वाचनाची स्क्रीन एका नव्या पोराकडे गेली. काकूंकडे आलं ते निरोपाचं पान. सदस्यत्व बंद करू पाहणाऱ्याला थोपवून धरायचं, ते पान.

त्यांनी ते नीट काढलं. वर "राहतो" असं मोठं बटण, खाली "बंद करा" असं दुसरं.

"खालचं जरा फिकट करा," बॉस म्हणाला.

त्यांनी केलं.

"अजून."

संध्याकाळी ऑफिस रिकामं व्हायला लागलं. काकूंनी रंग आणखी उतरवला आणि फोन खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरला. बटण कुठे आहे ते माहीत होतं, म्हणून त्यांना ते दिसलं. त्यांनी फाइल पाठवून दिली आणि पर्स उचलली.