वजाबाई

दुसरीच्या बाईंना नवाचं भारी प्रेम. सहामाही चाचणीत त्या फक्त नवाने संपणारे आकडे घालत, नऊपासून नव्व्याण्णवपर्यंत बरोबर दहा. नऊ आला की मुलं घसरतात, हा त्यांचा शोध, आणि घसरणारी मुलं बघणं हा बहुधा त्यांचा विरंगुळा. बाईंनी तोंडी आकडा सांगायचा, मुलांनी तो अंकात लिहायचा आणि पुढे विस्तारित मांडणी करायची. त्रेपन्न म्हणजे पन्नास अधिक तीन, तसं. एकोणतीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या. दशकाचं घर, एककाचं घर असा रंगीत तक्ता त्यांनी स्वतः रंगवला होता आणि त्यावर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे.

यंदा एका मुलीने दिवे लावले होते. तिला दहापैकी दोन. एकोणचाळीस सांगितल्यावर तिने ३९ अगदी वळणदार काढले होते आणि पुढे लिहिलं होतं, ४० − १. एकोणसाठच्या पुढे ६० − १. ओळीने आठ गणितं अशीच. बरोबर आली ती फक्त नऊ आणि नव्व्याण्णव, तीही बाईंच्या मते चुकून. शाळा उघडल्यापासून तिचा हाच हेका होता, म्हणून बाईंनी तिचं नाव वजाबाई ठेवलं होतं. विनोद बाईंचा असल्यामुळे वर्ग रोज हसत असे.

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. चारच्या खाली गुण म्हणजे परत पहिलीत, असा मोठ्या बाईंचा नियम होता. यादी मधल्या सुट्टीआधी त्यांच्या टेबलावर पोचायला हवी होती, आणि यादीत नाव एकच होतं.

सकाळी बाईंचा निरोप मिळून मुलीची आई वर्गात आली. ती अंडी भरण्याच्या शेडमध्ये कामाला होती; डोक्यावरची जाळीची टोपी काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"बाई, तिचं उत्तर चुकलंय का?"

"उत्तर नाही, मांडणी चुकलीय. तीस अधिक नऊ हवं. ही वजा करत बसते."

"ते माझ्यामुळे असेल," आई ओशाळून म्हणाली. "सुट्टीला माझ्याबरोबर येते ती शेडवर. ट्रेला तीस खळगे असतात. एक रिकामा असला की आम्ही ओरडतो, एकोणतीस. एकेक अंडं कोण मोजत बसणार? रिकामं भोक तेवढं दिसतं."

"शाळा म्हणजे अंड्यांची शेड नाही," बाई म्हणाल्या. वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं. मग त्या मुलीकडे वळल्या. "आणि काय गं, नव्व्याण्णव कसं जमलं? तिथे बरं नव्वद अधिक नऊ लिहिलंस."

"त्यात एकोण नाही ना, बाई," मुलगी म्हणाली. "एकोण म्हणजे एक कमी. तुम्ही एकोणसाठ म्हणालात, मी साठातून एक काढला. नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

एकोणतीस वर्षं बाई हे शब्द घसा बसेपर्यंत म्हणत आल्या होत्या. त्यांच्या आत काय दडलंय, हे त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. आज ते ऐकू आलं. पण नाक मोठं असलं की कानांचं कोण ऐकतं?

"तसंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "शिकवलंय तसं लिहायचं. अकलेचे तारे तोडायचे नाहीत."

आईने मान हलवली. "पहिलीत तर पहिलीत," ती म्हणाली आणि मुलीचा डबा, बाटली, पट्टी दप्तरात भरू लागली. मुलगी रडली नाही. ती रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या मुलांना काय सांगायचं ते त्यांना पाठ होतं.

फळ्याच्या कोपऱ्यात वर्गाचा पट लिहिलेला होता: ४०. बाईंनी तो पुसला आणि ३९ लिहिला. मग आवाज चढवून त्यांनी वर्गाला विचारलं, "एकोणचाळीस. मांडणी सांगा."

"तीस अधिक नऊ," वर्ग एका सुरात ओरडला. बाईंचं शिकवणं किती पक्कं होतं, याचा याहून मोठा पुरावा नको होता.

दारात आईचा हात धरून उभी असलेली मुलगी फळ्याकडे बघत होती. सवयीने तिने बोट वर केलं.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"चाळीस वजा मी," मुलगी म्हणाली.

कुणी हसलं नाही. बाईंची नजर तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथे एक जागा मोकळी होती, आणि बाकीच्या एकोणचाळीस मुलांपैकी एकही त्यांना त्या क्षणी दिसेना.

त्यांनी तळहातानेच ३९ पुसला आणि परत ४० लिहिला. मग तिचा पेपर काढून आठ फुल्या एकेक करून खोडल्या. ठसठशीत लाल फुल्या त्या, खोडायला वेळ लागला. यादीचा कागद त्यांनी चुरगळून टोपलीत टाकला. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते मधल्या सुट्टीत बघता येणार होतं.

आई दारातच घुटमळत होती. मुलगी मात्र दप्तर घेऊन टेबलापाशी आली. "बाई, पण एकोणशंभर का नाही म्हणत?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्या वर्गात प्रथमच बोललं गेलं. "जा, तुझ्या जागेवर बस."