दारातली पालथी बादली

फरशी पुसून झाली की धाकटी जाऊ बादली रिकामी करायची आणि जिन्याखालच्या दारात पालथी घालून ठेवायची. दारात बादली पालथी म्हणजे पुढे ओलं आहे, पाऊल टाकू नका. सासूबाई होत्या तेव्हापासूनची खूण, घरात कुणाला ती सांगावी लागत नसे. पुढे दोघी जावांनी त्याच घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. थोरली हिशेबाला बसली, धाकटी खोल्या बघू लागली. घराचं पाहुणेघर झालं. बादली मात्र घरचीच राहिली. पाहुण्यांना ती कशी कळणार, हे दोघींच्या मनातच आलं नाही.

मंगळवारी वरच्या खोलीतल्या बाई चहाला खाली आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच उतरलेल्या. दारात बादली दिसली. कुणी अडखळेल म्हणून त्यांनी ती उचलून भिंतीशी ठेवली, पुढचं पाऊल टाकलं आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

बाईंच्या भाचीने दावा लावायचा म्हटलं. तेव्हा थोरलीने आपल्या वकील मावसभावाला बोलावलं. पैसे घेऊन माणूस ठेवला की त्याच्या पायाखालची फरशीही आपल्याच गळ्यात, असं तो म्हणाला. विमा काढा म्हणून त्याने घसा कोरडा केला होता, तेव्हा या दोघी पडदे घेत बसल्या. आता दावा हरलात तर हे घर विकावं लागेल. पण एक वाट होती. बादली ही धोक्याची खूण आहे हे बाईंना कळलं होतं आणि तरी त्यांनी ती हलवली, एवढं त्यांनी कबूल केलं की दावा लंगडा.

"लंगडं कोण झालंय ते बघ आधी," धाकटी म्हणाली. त्या दिवसापासून ती फरशी पुसली की गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्याने पुन्हा पुसत होती. जेवणावरचं तिचं मन उडालं होतं.

थोरली भावाबरोबर दवाखान्यात गेली. बाईंच्या पायाला वजन टांगलेलं, वेणी अर्धी सुटलेली. थोरलीने तोंड उघडायच्या आत बाईच माफी मागू लागल्या. बादली हलवायला नको होती, एवढ्या मायेनं पुसलेल्या फरशीवर आपण धडपडलो, तुम्हाला उगाच त्रास. भावाने थोरलीला कोपराने हलकेच खुणावलं.

आता एकच विचारायचं होतं, खूण कळली होती ना म्हणून. भिडेपोटी बाई हो म्हणाल्या असत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळून घेतलेली बाई, हो म्हणायला तिला किती वेळ लागणार?

थोरली स्टुलावर बसली. फार दमली होती.

"बाई, बादली पालथी दिसली की फरशी ओली समजायची, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही हो. असं असतं का?"

"आमच्या घरात असतं. तुम्हाला कसं ठाऊक असणार? आम्हीच सांगायला हवं होतं. तुमचं काही चुकलं नाही, बाई. चूक आमची."

भाऊ बाहेर निघून गेला. बाई छताकडे बघत राहिल्या, डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. पडल्यापासून त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे भाचीला सांगू का?"

"सांगा. दाव्यात तिला लागेल ते."

बाहेर भाऊ म्हणाला, अक्का, घर घालवलंस. पाय दुखतायत रे, एवढंच ती म्हणाली आणि बाकावर टेकली.

घरी धाकटी वरच्या खोलीत पलंग आवरत होती. थोरलीने दारातूनच सगळं सांगितलं. धाकटीच्या हातात चादर तशीच राहिली.

"मग आता इथे किती दिवस?"

"काय ठाऊक."

"आणि संध्याकाळचे पाहुणे?"

"येऊ देत की," म्हणत थोरली आत आली आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरलं.