एकशेचाळीस नंबरचं तेल

इंजिन ठणठणीत होतं. हीटर सुरू, दिवे सुरू, सगळं सुरू. फक्त चाकं फिरत नव्हती. म्हणे फोर व्हील ड्राइव्ह! चारातलं एक चाक हलेल तर शपथ.

सत्यजितनं पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. गाडीच्या पोटातून रिकामं जातं फिरवल्यासारखी घरघर आली, मग खाडकन काहीतरी वाजलं आणि गाडी जागच्या जागी थरथरली.

"नको रे, तुटेल काहीतरी," शेजारी बसलेली उल्का म्हणाली.

"तुटलंय."

साडेअकरा वाजले होते. विमान साडेबाराचं, घरापासून जेमतेम मैलभर आले होते, आणि विमानतळ अजून सोळा मैल. बाहेर उणे चाळीस. अलास्कातल्या या आडरस्त्यावर दुसरं घर एकच, आणि तिथले म्हातारा-म्हातारी दिवाळीच्या सुमारासच ॲरिझोनाला उन्हात गेलेले. टॅक्सीवाल्यानं फोनवर दोन तास सांगितले होते, तेही 'जमलं तर'.

तिकडे नागपुरात सत्यजितचे बाबा, प्रल्हादराव, आयसीयूत होते. बहीण रुचा सकाळी फोनवर रडत म्हणाली होती, "दादा, डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितलेत. यायचं तर आत्ताच निघ." प्रवासच दीड दिवसाचा. आजचं विमान चुकलं तर पुढचं उद्या. म्हणजे संपलंच की सगळं!

आणि हे सगळं कशापायी? तेलापायी!

पुढच्या दोन आणि मागच्या दोन चाकांच्या मधे एकेक लोखंडी डबा असतो, डिफरन्शियल. त्यातले गिअर तेलात बुडून फिरतात. ते तेल गोठलं की गिअर कोरडे घासतात आणि स्वतःलाच खातात. टेक्सासात, प्लेनोला असताना या गोष्टीचा विचार करायची कधी वेळच आली नाही. इथं नोकरी लागली, ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला, आणि पठ्ठ्या तेल बदलायला निघाला. दुकानातल्या म्हाताऱ्यानं पंच्याहत्तर-नव्वदचं सिंथेटिक काढून समोर ठेवलं. "डब्यावरचा पहिला आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत वाहतं राहतं." इतकं सरळ! लहान पोरालाही कळेल.

पण सत्यजितनं नागपूरला फोन लावला. लावणारच. प्रल्हादरावांनी चाळीस वर्षं जीपचं गॅरेज चालवलेलं. गाडीचा विषय निघाला आणि बाबांना विचारलं नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"अबे, पातळ तेल म्हणजे पाणी! गिअर खाऊन टाकेल. एकशेचाळीस नंबर टाक. मेळघाटातल्या सगळ्या जीपा त्याच्यावर चालवल्या मी."

फोन ठेवल्यावर दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुझ्या वडिलांकडे थंडी किती पडते?"

"आठ-दहा अंश."

"उणे?"

"नाही, वर."

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली.

त्या दिवशी उल्का वैतागून म्हणाली होती, "पातळ टाक आणि बाबांना सांग जाड टाकलं म्हणून. त्यांना काय तिथून दिसणार आहे?"

"बाबांशी मी खोटं बोलत नाही," सत्यजित म्हणाला होता, आणि एकशेचाळीसचे डबे घेऊन घरी आला. ओतताना व्हिडिओ कॉल लावला. बाबा खुर्ची पुढे ओढून बघत होते, "हां, हळू, सांडू नको," म्हणत होते. इतके खूश की विचारू नका. तेव्हापासून आजपर्यंत उणे वीसच्या खाली पारा गेला नव्हता, गाडी कुरकुरत का होईना चालली.

"मी चालत जातो मेन रोडपर्यंत," तो आता म्हणाला.

"वेडा आहेस का? चार मैल! मरशील!"

तरी त्यानं दार उघडलं. पन्नास पावलं गेला असेल नसेल, छातीत सुऱ्या खुपसल्यासारखी कळ आली आणि पापण्या चिकटायला लागल्या. तो परत आला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला. उल्का त्याची पाठ चोळत राहिली. ती तरी काय करणार!

बारा वीसला फोन वाजला. रुचा.

"दादा, बाबांना तातडीनं ऑपरेशनला आत नेतायत. शुद्धीवर आहेत. तुझ्याशी बोलायचंय म्हणतायत."

प्रल्हादरावांचा आवाज अगदी खोल गेला होता. "कुठवर आलास बे?"

सत्यजितनं उल्काकडे पाहिलं. मग समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे.

"एअरपोर्टवर, बाबा. बसतोच आहे विमानात."

"गाडीनं त्रास नाही ना दिला? थंडी असेल."

"नाही बाबा. लोण्यासारखी आली."

"मंग!" पलीकडून धापा टाकत हसल्याचा आवाज आला. "त्या दुकानवाल्या गोऱ्याचं ऐकलं असतंस तर बसला असतास रस्त्यात."

"हो, बाबा."

"ये लवकर. वाट पाहतो."

फोन रुचाकडे गेला. "दादा, किती दिवसांनी हसले रे! तू ये फक्त," म्हणून तिनं ठेवला.

थोड्या वेळानं डोंगरापलीकडून विमानाचा आवाज आला आणि डोक्यावरून निघून गेला. सत्यजितनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटर दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"तुटलंय ना रे ते," उल्का म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबला.