रेवाला आवडतं

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी सतरा दिवस फडताळात पडून होती. तिच्याखाली रेवाच्या आईने, मंदाने, एक कोरी वही ठेवली होती. औषध सुरू झालं की रोजचं लिहा, असं डॉक्टर म्हणाले होते.

रेवा अकरा वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे ती पाच वर्षांची असताना कळलं. ओसीडी हा दुसरा शब्द २००४ च्या जानेवारीत कळला.

वटार गावात तिच्या वडिलांचा, नरहरीचा, पानमळा होता. विड्याची पानं खुडायची, ओल्या फडक्याने पुसायची, शंभराच्या जुड्या बांधायच्या. रेवा सहा वर्षांची असताना एकदा आपणहून ओटीवर येऊन बसली आणि बांधलेली जुडी सोडून मोजू लागली. चार पानं कमी निघाली. शाळा दोन महिन्यांत सुटली होती, पानं मात्र तिच्याकडे कायमची आली. टोपल्या न्यायला येणारा क्लेमेंट म्हणायचा, "नरूभाऊ, तुझी जुडी मी एकवेळ मोजेन. तुझ्या पोरीची नाय मोजत."

पाहुणे विचारत, एवढ्याशा पोरीला कामाला का लावलंस? नरहरी थोडं हसून सांगे, "रेवाला आवडतं." मागून रेवाही म्हणे, "रेवाला आवडतं." त्याच सुरात, तेवढंच हसून. पाहुण्यांना गंमत वाटे.

गेल्या दिवाळीनंतर ती बांधलेल्या जुड्या सोडू लागली. एक जुडी चारदा मोजायची, मग अकरा वेळा. पुसून पुसून बोटांची टोकं फुटली. पानाला रक्त लागलं की ते पान फाटक्या पानांच्या ढिगात जाई आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. जुडी पुरी झाल्याशिवाय ती जेवत नसे.

"दिवसाचे किती तास मोजते?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत," मंदा म्हणाली. "काम असतं ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आजार तुमच्यामुळे झालेला नाही, ते म्हणाले, पण टोपली रोज तुम्ही पुढे ठेवलीत. आता पानं हळूहळू कमी करायची. सोबत सकाळी अर्धी गोळी, पाण्यात विरघळवली तरी चालेल. सुरुवातीला ती जास्त बेचैन होऊ शकते. आत काय होतंय ते तिला सांगता येणार नाही, म्हणून लक्ष तुम्ही ठेवायचं.

यातलं शेवटचं वाक्य नरहरीने धरून ठेवलं.

"गोळीने आत काही बिघडलं तर ती सांगणार कशी?"

"आता काय सांगते?" मंदा म्हणाली.

"निदान आवडीचं काहीतरी करते."

"अहो, तिची बोटं बघा."

"बघितली."

"मळ्याकडे बघता तुम्ही. बोटं मी बघते. मलम मी लावते."

अठराव्या दिवशी सकाळी क्लेमेंट ओटीच्या पायरीवर थांबला होता. एक जुडी बाकी होती. नरहरी रेवाशेजारी बसला. ती त्र्याऐंशीपर्यंत आली, पान बाजूला टाकलं आणि एकपासून सुरू केलं. पुन्हा साठच्या पुढे, पुन्हा एक. ती रडत होती. आवाज नव्हता, गालांवरून पाणी तेवढं वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नरहरीने तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो हिसडून काढला.

"रेवा, तुला हे नको आहे का?" त्याने विचारलं. पाच वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिने पानावरची नजर काढली नाही. गाल ओले होते. पाहुण्यांसमोर तो हसायचा तेवढीच ती हसली आणि त्याच्या सुरात म्हणाली, "रेवाला आवडतं."

क्लेमेंटने मान खाली घातली.

"आहे तेवढं घेऊन जा," नरहरी त्याला म्हणाला. "उद्यापासून तिच्यापुढची टोपली अर्धी."

त्याने आतून पट्टी आणली, गोळी मोडली आणि अर्धी तळहातावर धरली. रेवाने ती उचलली, मोडलेल्या कडेवर बोट फिरवलं आणि फाटक्या पानांच्या ढिगात टाकली.

"मोडकं घेत नाही ती," मंदा म्हणाली. "केळ्यात घालू?"

"नको. लपवून नको."

त्याने ढिगातून तुकडा शोधला, तिच्यासमोरच चमच्यात पाणी घेऊन विरघळवला. "हे औषध आहे," त्याने सांगितलं. "मोजणं थांबावं म्हणून." तिच्यापर्यंत यातलं काय पोचलं ते कळायला मार्ग नव्हता. तिने चमचा तोंडात घेतला, कडू लागलं तसं तोंड वाकडं केलं, गिळलं.

मग कुणी न विचारता, थोडं हसून ती म्हणाली, "रेवाला आवडतं."

मंदाने वही उघडली. तारीख घातली. "काय लिहू?"

रेवाने जुडीचं पहिलं पान उचललं होतं.

"घेतलं," नरहरी म्हणाला. "एवढंच लिही."