नंदाबाईच्या नव्या खुर्च्या

मिरचीची तोडणी अर्ध्यावर असताना धडधाकट माणूस दिवस कलायच्या आत लिंबाखाली बाजेवर आडवा झाला, की बघणाऱ्याच्या पोटात दुखायला लागतं. गावातल्या तातेरावाचंही दुखलं. त्यानं मोटारसायकल थांबवली आणि एक पाय खाली टेकवून विचारलं,

"काय बद्रीनाथ, आज काय झालं?"

"आज अर्धांगवायू हाये," बद्रीनाथ पडल्या पडल्या म्हणाला.

"आन् काल?"

"काल मांडी मोडली व्हती. परवा बेसुद व्हतो."

"तोंड तर बराबर चालून राह्यलं."

"डाव्या अंगाचा हाये. तोंड उजव्या अंगानं चालवून राह्यलो."

"आबा, पेशंट इतका बोलत नसतो," सुरेखा म्हणाली, आणि तिनं बापाला सफाईनं कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली. तातेराव हसत हसत गेला आणि पारावर ही बातमी त्यानं मीठमसाला लावून सांगितली.

सुरेखा नववीत होती. शाळेत यंदा एक धंदेशिक्षणाचा विषय घ्यायचा होता, तर हिनं आरोग्यसेवा घेतली. आजारी माणसाला उठवायचं कसं, न्हाऊ कसं घालायचं, माणसाला न उठवता चादर कशी बदलायची, हे सगळं त्यात होतं. शिकायचं तर पेशंट पाहिजे, म्हणून बाप रोज वेगळ्या रोगानं आजारी पडे. आईनं, नंदाबाईनं, जुनी धोतरं फाडून पट्ट्या करून दिल्या. पोरीला तो विषय मनापासून आवडला होता. गणितात ती रडत होती, पण या तासाला सगळ्यात पुढं बसायची.

आडवा आला तो भागवतमामा. नंदाबाईचा थोरला भाऊ, शहागडला हमरस्त्यावर त्याचं हॉटेल. ट्रकवाल्यांना दम देऊन देऊन त्याचा आवाज असा झाला होता, की फोनवर बोलला तरी शेजारच्या घरात ऐकू जाई.

"लोकायचं हागणं-मुतणं काढायला शाळेत कामून जावं लागतं? उद्या पोरीला पाव्हणे बघायला आले तर काय सांगशील? कम्प्युटर घे म्हणावं. शनिवारपस्तोर विषय बदलता येतो, मी इचारलंय."

नंदाबाईचं मन पोरीकडं होतं, पण याच भावानं तिचं लग्न लावून दिलं होतं. त्याच्यापुढं तिची जीभ टाळूला चिकटायची. मुदतीला आठवडा असतानाच मामा स्वतः शहागडहून मोटारसायकलीवर निघाला, बहिणीला घेऊन हेडमास्तरांकडं जायला. पाऊस पडून गेलेला, काळी माती लोण्यासारखी झालेली. बहिणीच्या घरासमोरच्या वळणावर गाडी एकीकडं गेली, मामा एकीकडं गेला, आणि नडगीचं हाड मोडलं.

भोकरदनला प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय टेकायचा नाही. मामी हॉटेल सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून मामा बहिणीकडंच राहिला. नेहमी बद्रीनाथ ज्या बाजेवर पडायचा, ती बाज आता घरात आली आणि खऱ्या पेशंटला मिळाली.

"पाय मोडला म्हणून जबान मोडत न्हाई," मामानं पहिल्याच दिवशी बजावलं. "शनिवारी नंदा एकटी जाईन शाळेत."

आता आपल्याकडची रीत अशी, की मामानं भाचीच्या पाया पडायचं. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला तर पाप. बहिणीच्या नवऱ्याचा, दाजीचा मान तर त्याहून मोठा. म्हणजे मामाची अडचण बघा. ज्या घरात तो पडला, त्या घरात हात लावू द्यावा असं माणूसच नव्हतं. भाची नको, दाजी नको. उरली बहीण, तर तिला हा नव्वद किलोचा भाऊ उचलवत नव्हता. पहिल्या दिवशी नाइलाजानं बद्रीनाथनं त्याला पाठीवर घेऊन परसात नेलं. सगळ्या वाटेनं मामा "दाजी, माफी करा, दाजी, माफी करा" म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून मामानं अन्न सोडलं.

नंदाबाईनं शेवभाजी केली, पिठलं केलं, वांग्याचं भरीत केलं. मामा ताट मागं सारायचा. "भूक न्हाई." पाणीसुद्धा ओठ ओले होतील इतकंच. तिसऱ्या दिवशी नंदाबाई चुलीपुढं बसून रडायला लागली.

"तुह्या विषयापायी माझा भाऊ उपाशी बसलाय," ती सुरेखाला म्हणाली. "लई मानी हाये तो. मी उद्याच जाऊन तुहं नाव काढते. विषय काय, ह्यो न्हाई तर त्यो."

आई कधी असं बोलली नव्हती. सुरेखा उठून दारात गेली आणि मामाकडं बघत उभी राहिली. मामाची नजर मात्र तिच्याकडं नव्हती, परसदाराकडं होती. पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, बाजेवरचं माणूस पुष्कळदा भुकेनं नाही, लाजेनं जेवण सोडतं. खाल्लं की जावं लागतं, आणि जायला दुसऱ्याचा खांदा लागतो.

"माय, मामा रुसले न्हाईत," ती म्हणाली. "आबा, लोखंड कापायचं पातं कुठंय?"

नंदाबाईच्या चार लाल प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. दुसऱ्याच्या मिरच्या तोडून आलेल्या मजुरीतून घेतलेल्या, अजून कागदही न काढलेल्या. त्यातल्या एका खुर्चीच्या बैठकीला बद्रीनाथनं पातं लावलं, तेव्हा नंदाबाईनं त्याचं सगळं खानदान काढलं. तो मान खाली घालून कापत राहिला. भोक पडलं, वाकडंतिकडं का होईना. खाली राख पसरलेलं घमेलं आलं, भोवती जुन्या लुगड्याचा पडदा आला.

"हे काय चाललंय?" मामा गुरगुरला.

"मामा, तुमच्या पायाला मी हात लावत न्हाई," सुरेखा दारातूनच म्हणाली. "मी सांगते तसं तुमचं तुम्हीच बसायचं. आबा आधी करून दाखवतील."

"मला तीन महिन्यांचा अनुभव हाये," बद्रीनाथ म्हणाला आणि एक पाय मोडल्यासारखा अधांतरी धरून, चांगल्या पायावर फिरून खुर्चीत बसला. मामाला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. मग त्यानंही खुर्चीचे हात धरले, चांगल्या पायावर जोर दिला, आणि कुणाच्या खांद्याशिवाय बसला. पडदा पडला. सगळे अंगणात गेले.

थोड्या वेळानं सुरेखा घमेलं घेऊन निघाली, तसा मामा बाजेवरून कळवळला.

"अगं पोरी, तू नको. पाप हाये मला."

"पाप पायाला हात लावला तर, मामा. घमेल्याला कुठं पाप हाये?"

त्या दिवशी मामानं तीन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा परत मागितला. नंदाबाई वाढत राहिली. खुर्चीबद्दल मात्र ती अजून नवऱ्याशी बोलत नव्हती.

शुक्रवारी दिवेलागणीला तिनं भावाला भीतभीतच विचारलं, "दादा, उद्या शाळेत जाऊ ना मंग?"

मामा पडद्याकडं बघत बसला. मग त्याचा तो शेजारी ऐकू जाणारा आवाज एकदम खाली आला.

"नंदे, आपल्या अण्णांनी बाज धरून वरीस झालं. चतकोर भाकर खातात आन् ताट सारतात. माही सून म्हणती, म्हाताऱ्याला चव न्हाई. मी म्हणलो, वय झालं. एकदा तर रागानं ताट उचलून नेलं त्यांच्यापुढचं." त्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मी रोज शंभर ट्रकवाले जेवू घालतो. आन् माझा बाप घरात भूक मारून पडलाय, लाजेपायी. मला कळलं न्हाई."

बद्रीनाथ खाली बघायला लागला. सुरेखानं मामापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"शाळेत जाऊ नको," मामा म्हणाला. "पोरगी शिकून राह्यली ते बराबर हाये. दिवाळीत तिला शहागडला धाड. माह्या सुनेला शिकवंल, मला बी शिकवंल."

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. मग उठून तिनं दुसरी नवी खुर्ची ओढली, तिचा कागद टराटरा फाडला आणि ती नवऱ्यापुढं ठेवली.

"कापा," ती म्हणाली. "माह्या बापासाठी हाये. भोक नीट गोल पाडा."